मला जर्मन येत होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, रूममेटला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही समोर चहा घेऊन बसलाय असं धरून चालतो — म्हणजे मला जरा सोपं जाईल.

तसं बघितलं तर गुन्हा मोठा नाही. कुणाचं काही चोरलं नाही. म्हणजे — चोरलं. पण ते पुढे येईल.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील कराडमध्ये शाळेची व्हॅन चालवतात. घरातला पहिला शिकलेला असलात की काय होतं, ते आधी कुणी सांगत नाही — सगळ्या गल्लीचं ऑफिस तुमच्या दारात भरतं. गॅसचे फॉर्म, रेशनचे फॉर्म, कुणाच्या पोरीचा प्रवेश. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा शेजारचे जाधवकाका रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले.

"काका, मी मेकॅनिकलला आहे."

"मग हे पण मशीनवरच काढलंय की!"

मी रिपोर्ट वाचला. मला नाही म्हणता येत नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये, आणि पुढे जे केलं त्याचं कारण म्हणूनही नाही.

ड्रेस्डेनला मास्टर्स करताना मला युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये काम मिळालं. विद्यार्थी-मदतनीस — इथे हिवी म्हणतात. थोडी मोजमापं करायची, उरलेल्या वेळात तिथेच बसून आपला थीसिस लिहायचा. आम्ही दोघं हिवी होतो. दुसरी अश्विनी, अमरावतीची, माझ्याहून एका वर्षानं मोठी. पहिल्या दिवशी मी तिला ताई म्हणालो.

"ताई म्हणशील तर बघ," ती म्हणाली. "मी काय तुझे डबे भरून देणार आहे का?" त्यानंतर ती मला कराडकर म्हणायची आणि मी तिला काहीच म्हणायचो नाही.

त्याच दिवशी दुपारी लॅबचे तंत्रज्ञ — उंच, मिशीवाले, भले गृहस्थ — माझ्यासमोर येऊन काहीतरी बोलले. आता, मला जर्मन येत होतं. लॅबच्या अर्जात 'थोडंफार' लिहिलं होतं खरं, पण मधल्या काळात कोर्स करून मी चांगली परीक्षा पास झालो होतो. फक्त त्या कोर्समध्ये सगळे स्पष्ट बोलायचे. हे गृहस्थ अस्सल सॅक्सन, तिथल्या गावठी बोलीतले. तोंडात गरम बटाटेवडा धरून बोलावं तसं बोलत होते. मी घाबरलो. इंग्रजीत म्हणालो, "सॉरी, नो जर्मन."

त्यांनी प्रेमानं माझा खांदा थोपटला आणि ते अश्विनीकडे गेले. तिचं जर्मन मोडकंतोडकं, पण बिनधास्त. ती उठली आणि दुपारभर त्यांच्याबरोबर खोकी उचलत राहिली. आणि मी? मी माझं काम संपवलं. शांतपणे. कुणाला तरी काहीतरी हवं होतं आणि उठलो मी नव्हतो — आयुष्यात पहिल्यांदा. ती चव तुम्हाला माहीत आहे का?

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. "काल घाबरलो होतो, थोडं येतं मला." एवढंच वाक्य होतं. ते मी मनातल्या मनात तयारही केलं होतं — तेही जर्मनमध्ये. बोललो नाही.

त्या लॅबमध्ये सगळ्यांनाच सतत काहीतरी हवं असायचं. लेबलचा प्रिंटर अडकलाय, सिलिंडरवाल्याला फोन करायचाय, पाहुण्यांना लॅब दाखवायची आहे. "अश्विनी, कान्स्ट डू माल...?" म्हणजे, जरा करशील का? हे वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. आणि दर वेळी मी लॅपटॉपमध्ये अशी मान घातली की, एखाद्या बहिऱ्या माणसालाही माझी दया यावी.

पण खोटं सांभाळायचं म्हणजे कष्ट असतात. माझ्या वाढदिवसाच्या आधी लोकांनी माझ्यासमोर उभं राहून चर्चा केली — हा अंडं खातो का? बिचारा हिंदू आहे, नसेल खात. दूध? नकोच, उगाच धोका नको. मी अंडं खातो. रोज दोन खातो. पण मी भिंतीकडे बघत हसत राहिलो, आणि मग मला तो केक मिळाला. थर्माकोलला साखर लावल्यासारखा. वर 'आश्चर्यचकित' व्हायचं होतं, तेही झालो. एकदा विनोदाला भाषांतराच्या आधीच हसलो आणि ते हसू खोकल्यात बदलता बदलता डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी कॅमोमाइलचा चहा आणून दिला.

आणि फ्राउ क्राउझं. ऑफिस सांभाळणाऱ्या बाई, निवृत्तीला आलेल्या. हा मुलगा भाषेवाचून एकटा पडलाय, हे त्यांना बघवेना. त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत मला जर्मन शिकवायला घेतलं. नातवाचं चित्रांचं पुस्तक आणलं. डेअर लॉफेल, चमचा. डी गाबेल, काटा. रोज किती चुका करायच्या, कुठल्या करायच्या, कालची चूक आज सुधारायची का — हे सगळं आखावं लागायचं. थर्मोडायनॅमिक्स याहून सोपं होतं. वेळ वाचावा म्हणून बोललेलं खोटं माझी जेवणाची सुट्टी खाऊन टाकत होतं!

इथे हसून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं, नाही?

अश्विनीचा थीसिस रखडत चालला होता. "तुझं बरं आहे, कराडकर," ती एकदा म्हणाली. "भाषा येत नाही म्हणून तुझं काम तरी होतंय. मी पण विसरून जाऊ का?" आम्ही दोघं हसलो. मी जरा जास्तच.

तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. थीसिस देऊन ती अमरावतीला जाणार होती, तिकीट काढलेलं होतं. थीसिस झाला नाही. तिकीट रद्द केलं. हळदीच्या दिवशी तिनं लॅबच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या मशीनला फोन टेकवला, स्वेटरवर ओढणी घेतली. तिकडून बायका ओरडत होत्या, "अशू, तू पण लाव गं!" तिनं शेल्फवरच्या पुडीतून चिमूटभर हळद घेऊन गालाला लावली, आणि तेवढ्यात तंत्रज्ञ दारात आले. "अश्विनी, कान्स्ट डू माल..." खाली कुरिअरवाला आलाय, त्याच्याशी बोलून पार्सल घ्यायचंय. एवढंच. मला शब्दन् शब्द कळला होता. मी तिथेच कप घेऊन उभा होतो.

ती म्हणाली, "फोन धर रे जरा." आणि गालाला हळद तशीच ठेवून जिना उतरली.

मी फोन धरला. पडद्यावर तिची बहीण, पिवळीधमक, विचारत होती, "ताई कुठे गेली?"

"येतेय," मी म्हणालो. "काम आलंय."

ती वर आली तोवर तिकडे आंघोळीची गडबड सुरू झाली होती.

माझा थीसिस वेळेत झाला. मार्कही चांगले पडले.

फ्राउ क्राउझंच्या निरोप समारंभात त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं — जर्मनमध्ये, सगळ्यांसमोर, कारण मी त्यांचा विद्यार्थी. कुठे चुकायचं ते मी ठरवून आलो होतो. पण बाई पहिल्या रांगेत हात जोडल्यासारखे धरून बसल्या होत्या, अगदी मुलाच्या गॅदरिंगला आलेल्या आईसारख्या. मी ठरवलेलं विसरलो. तोंडातून साधं, सरळ वाक्य आलं. "इश डांके ईनेन." मी तुमचे आभार मानतो. अगदी बरोबर.

शेजारी अश्विनी उभी होती. तिला वाटलं, मी चुकलो. तिनं घाईनं कुजबुजून माझं 'ईनेन' सुधारलं, "झी! झी म्हण!" आणि मला धीर देत मान हलवली.

मी म्हणालो, "इश डांके झी."

फ्राउ क्राउझंनी कपाळाला हात लावला. "अश्विनी!" त्या हसत ओरडल्या, "त्याचं बरोबर होतं, तूच चुकवलंस!" सगळे हसले. प्रेमानंच हसले. अश्विनीचे कान लाल झाले.

मी तिथे उभा होतो, माईक माझ्या हातात होता, आणि मला जर्मन येत होतं.

खाली आल्यावर ती हळूच म्हणाली, "सॉरी रे. माझ्यामुळे चुकलं तुझं."

मी म्हणालो, "असू दे."