दाजींची उरलेली काच

सामान निवडण्यात आमच्या दाजींइतकं आयुष्य घालवलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बीडच्या तहसिलीत कारकून. हैदराबादेहून त्यांनी एक जुना कॅमेरा आणला आणि डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचं वेड घेतलं. माणसांचे काढत नसत, माणसं उगीच चेहरा करून उभी राहतात म्हणे. कुठं निघायचं ठरलं की ओसरीभर पसारा मांडायचे. मोठा कॅमेरा की लहान, लाकडी तिपाई की बांबूची, लांबचं भिंग की जवळचं. बाहेर गाडी जुंपलेली आणि हे तिपाईचे पाय हलवून बघत बसलेले. शेवटी सगळंच घ्यायचे आणि जागा होईना म्हणून भाकरीचं गाठोडं खाली उतरवायचे. अक्का दारातून म्हणायची, "पोटाला काय भिंग बांधता का?" त्यावर दाजी शांतपणे विचारायचे, "कोणतं बांधू?"

एके वर्षी माझ्या वडिलांची एक बाजू लुळी पडली. औषधपाण्यासाठी त्यांना धारूरहून अक्काकडे आणलं होतं आणि वैद्यांनी परत गाडीत बसवायचं नाही म्हणून बजावलं होतं. वडिलांचा जीव मात्र घाटाखालच्या रानात अडकलेला. सारखं म्हणायचे, "रान एकदा बगितलं असतं, मग कायबी झालं तरी चाललं असतं." दाजींनी काही दिवस ऐकून घेतलं आणि एका सकाळी म्हणाले, "मामा, तुमी पडून राहा. रान मी घेऊन येतो."

कचेरीतून रुखसत, म्हणजे रजा, मंजूर झाली तसे दाजी आणखी खुलले. धारूरच्या किल्ल्यावरून दरीचा फोटो काढायचं त्यांचं फार जुनं स्वप्न होतं, तेही साधणार होतं. आता प्रश्न काचांचा. तेव्हा फोटो काचेवर उठायचा आणि गाडीच्या हिसक्यांनी काचा फुटायच्या. कापूस, भुसा, वाकळ, सगळ्यांवर खल झाला. अखेर दाजींनी काचांची पेटी सरकीच्या पोत्यात रोवली आणि या युक्तीवर इतके खूश झाले की वाटेत भेटेल त्याला ती सांगत सुटले. ज्यांना सांगायला हवी होती ते बैल मात्र राहून गेले. गाडी हाकायला मी होतो. पालीला बिंदुसरा नदीच्या काठी मी बैल सोडले, आम्ही जेवून जरा लवंडलो. उठून बघतो तर पोतं चाटूनपुसून साफ. दाजी बैलांना रागावले नाहीत. "सरकी चांगली होती," एवढंच म्हणाले आणि पेटीभोवती आपली धोतरं कोंबली. पण घाटानं धोतरांचं काही ऐकलं नाही. धारूरला पोचल्यावर उजेड लागू नये म्हणून दाजी वाकळेखाली शिरले आणि चाचपून एकेक काच बघू लागले. आतून नुसता खळखळाट ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते घामाघूम होऊन.

"एकच धड हाय," ते म्हणाले.

वर किल्ला उन्हात झळझळत होता. दाजी त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चल, तुमच्या रानाकडं गाडी घे."

बांधावर तिपाई रोवून त्यांनी विहीर, चिंच आणि उभी जवारी त्या काचेवर घेतली. घरी येऊन फोटो धुतला आणि त्यांचं तोंड उतरलं. विहीर स्वच्छ, चिंचेचा बुंधा स्वच्छ, पण जवारीची सगळी कणसं पुसट, धुरकट झालेली. "बिघडला, मामा," असं म्हणतच त्यांनी तो वडिलांच्या हातात दिला.

वडिलांनी तो डोळ्यांजवळ धरला. चांगल्या हाताचं बोट त्या धुरकट पट्ट्यावरून हळूहळू फिरवलं.

"वारं सुटलंय," ते म्हणाले. "खालच्या अंगाला असंच सुटतंय. लई झालं, जावईबापू."

सुगी यायच्या आत वडील गेले. दाजींचं किल्ल्यावर जाणं पुढं काही ना काही कारणानं राहिलं ते राहिलंच. त्यांच्या पसाऱ्याला लोक हसतात तेव्हा मीही हसतो. पण माझा बाप आपल्या रानात जाऊन मग गेला, हे त्या माणसाचं देणं आहे, आणि ते आठवलं की माझे हात आपोआप जुळतात.