फक्त परतवून दे

"ए पोरी, जिंकायचं नाही. फक्त परतवून दे."

क्लबाचे अध्यक्ष हे पाहुण्यांसमोर म्हणाले. माझ्या हातात त्यांच्या मुलीची जुनी रॅकेट. समोर ती. भोवती जाळी. पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मी सिहोऱ्याची. घरचे सगळे धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोपांची रोवणी करणारे. टेनिसचं कोर्ट तुमसरात. जमीन सरकारी, कुलूप क्लबाचं. मला आत घेतलं ते एकाच अटीवर. अध्यक्षांच्या मुलीला, ताईला, चेंडू द्यायचा, तिच्या उजव्या हातावर, कंबरेच्या उंचीला. माझ्याच वयाची, पण ताई म्हणायचं. कोपऱ्यात मारला की खेळ बंद. मी खाली वाकून मारायची, तर अध्यक्ष विचारायचे, "रोवणी करून राहिली का?"

पाहुणे जमले त्या दिवशी सत्कार ताईचाच होता. खेळाआधी अध्यक्ष माईकवर बोलले. "मोठ्या चॅम्पियनची खूण कोणती? एखादा भन्नाट फटका नाही. सातत्य! रोज तोच फटका, तितकाच चोख." मग बोट माझ्याकडे. "या लोकांत ते नसतं. रोवणी लागली की गायब."

जाळीला टेकून ऐकलं. तिचा फटका रोज चोख, कारण माझा चेंडू रोज चोख. तिचं ते सातत्य. माझं ते काम!

पहिला चेंडू आला. मी वाकले. रोवणीला वाकतात तशीच. आणि डाव्या कोपऱ्यात मारला. ताई हललीच नाही. पुढचाही तिथंच. त्याच्या पुढचाही. टाळ्या थांबल्या.

"कायले आली मग इथं?" अध्यक्ष ओरडले.

"खेळाले."

रॅकेट हिसकावली. फाटक बंद. घरी बाबा म्हणाले, "काहून भिडली मोठ्या लोकायसंग? दुसरं कोर्ट हाय का तुले?"

नाही. बाबा खरंच बोलले. आत जायचं तर परत तीच अट. बाहेर राहायचं तर खेळ संपला. दोन्हीकडून जाळीच.

म्हणून हे पत्रक. मी रोज सकाळी त्या फाटकाशी उभी राहते. रॅकेट नाही, तर रिकाम्या हातांनी. रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी. चौकीदार म्हणतो, "बाई, जा ना घरी." मी जात नाही. सरकारी जमिनीवरचं कुलूप निघेपर्यंत जाणार नाही. आणि निघालं, की कोणाच्याही उजव्या हातावर चेंडू देणार नाही.

सातत्य पाहिजे होतं ना साहेब? उद्या सकाळी फाटकावर या.