दाजींचा मोठा रेडिओ

आमच्या ताईला सवत आली असती तरी तिने एवढी जागा अडवली नसती. दाजी आठवडाभर पाणीखात्याचे मीटर वाचत हिंडायचे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारातून एखादा मेलेला रेडिओ काखेत मारून आणायचे. लाकडी पेटीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, आत उंदराने संसार थाटलेला. पलंगाखाली रेडिओ, कपाटावर रेडिओ, जेवायच्या टेबलावर सोल्डरचा धूर. ताई कुरकुरायची, पण एखादा बोलायला लागला की ऐकायला पहिली खुर्ची तीच ओढायची.

मीही टिंगल करायचो. रिकामे उद्योग म्हणायचो. पण व्हॉल्व्ह हळूहळू लाल होऊन आवाज वर यायचा, तेव्हा दाजींचा चेहरा बघून मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्याकडे तसं काहीच नव्हतं.

ताई लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि इकडे दाजींचा सगळ्यात मोठा, सगळ्यात लाडका रेडिओ बिघडला. म्हणजे, बिघडलाय असं ते म्हणायला लागले. "दम उरला नाही ह्याच्यात." तसले व्हॉल्व्ह आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून त्यांनी दुसऱ्या रेडिओतला काढून ह्यात घातला. फरक पडेना. मग तिसऱ्यातला काढला. स्पीकर बदलला, तारा उपटल्या. घरात अडवायला कोणी नव्हतं.

मी गेलो तर आवाज जिन्यातच अंगावर आला. आत दाजी मोठ्या रेडिओला कान लावून बसलेले आणि भोवती बाकीच्या पेट्या पोटं फाडून पडलेल्या.

"ऐका मेहुणे, अजून बारीकच लागतोय," ते म्हणाले.

रेडिओ धडधाकट होता. दाजींचे कान गेले होते.

डॉक्टर म्हणाले, नस निकामी होत चालली आहे, यंत्र लावूनही उपयोग नाही. दाजींनी मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. उरलंसुरलंही पुढे गेलं. कानाशी ओरडलं तर एखादा शब्द कळायचा, एवढंच. मग एक दिवस उठून ते सगळे रेडिओ पुन्हा जुळवायला बसले. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या पेटीतला, कशाचा कशाला मेळ नाही. चांगल्या चालत्या वस्तूंची त्यांनी स्वतःच्या हाताने माती केली होती, आणि ते त्यांना कळलं होतं. शेवटी सगळं सोडून ते मोठ्यालाच चिकटून बसले.

ताई परत आल्यावर, परवा आम्हा दोघांसमोर त्यांनी तो लावला. डायल उजळली, व्हॉल्व्ह तांबडे झाले. आवाज नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

दाजींनी ताईकडे बघितलं. "वाजतोय?"

ताईने जोरात मान हलवली. मला तिचा राग आला. असं खोटं किती दिवस पुरणार होतं? एवढ्यात दाजी माझ्याकडे वळले.

"काय लागलंय हो?"

खरं सांगायचं म्हणूनच मी त्यांच्या कानाशी वाकलो. आणि ओरडलो, "गाणं."

"बाईचं?"

"हो."

दाजी मागे टेकले, डोळे मिटले आणि बोटांनी टेबलावर ताल धरला. त्यांचं गाणं संपेपर्यंत ताई आणि मी तिथेच बसून राहिलो.