कामठ्याची दोनशे बारा नावं

ओमेश्वर कटरेइतका नेमाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच नेमाचा मला आजही राग येतो. गोंदियातल्या आमच्या छोट्या संस्थेत सिकलसेलच्या रुग्णांसाठी रक्तदात्यांची यादी तो सांभाळायचा. कार्यकर्ते गावागावांतून वह्या आणत, म्हणून त्याचं कामही गाववार चाले. दात्याचं नाव कुणाला आणि रुग्णाचं नाव दात्याला कळू द्यायचं नाही, हा संस्थेचा नियम. ओमेश्वर तर नावं मुद्दाम लक्षातही ठेवत नसे.

जूनमध्ये नवा संगणक आला. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून त्याने जुन्या डेटाबेसमधून प्रत्येक गावाची वेगळी फाइल काढली. नव्यात भरताना काही नावं दुबार आली. मी अर्धवट शहाणा. म्हणालो, "कमांडमध्ये 'ड्रॉप' जोड न, आधीचं पुसून ताजं भरते."

त्याने जोडलं. कामठा, दोनशे बारा नोंदी आल्या. नावं बाहेर राहू नयेत म्हणून फाइल लगेच नष्ट. चोरखमारा, एकशे चाळीस आल्या. तीही नष्ट. शेवटी सालेकसा. आकडा दरवेळी बरोबर. पण सगळी गावं एकाच यादीत जात होती आणि प्रत्येक नवं गाव आधीचं पुसत होतं. शेवटी एकूण किती नोंदी उरल्या, हे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. जुना संगणक कोरा करून शाळेला देऊन टाकला.

जुलैत सालेकशाची शामकलाबाई आली. तिची अकरा वर्षांची सोनिका दवाखान्यात होती. वारंवार रक्त चढवून पोरीचं अंग असं झालं होतं की गट जुळला तरी रक्त जुळत नसे. आमच्या यादीत एकच माणूस जुळायचा.

"भाऊ, त्या मानसाले फोन लावा न," ती म्हणाली.

ओमेश्वरने शोधलं. यादीत फक्त सालेकसा होतं. दाता कामठ्याचा, एवढंच त्याला आठवत होतं. कामठ्याच्या वहीत नुसती दोनशे बारा नावं होती, फोन नंबर आणि जुळणीची तपासणी फक्त संगणकात होती.

आधी रक्त द्यायला कुणाला बोलावलं होतं, हे विचारत आम्ही कामठ्यात घरोघर फिरलो. धानाच्या रोवणीचे दिवस, घरं रिकामी. तिसऱ्या दिवशी दुपारी शेतात, धानाच्या बांधीत तो दाता सापडला, कवडू. दोनदा याच पोरीसाठी बोलावलेला.

"मी तं इथंच होतो," तो म्हणाला. "काऊन नाही केला फोन?"

ओमेश्वरने पहिल्यांदाच नियम मोडला. "सोनिका नाव होतं तिचं. सकाळीच गेली, निरोप आताच आला. चूक माझी."

ड्रॉप जोडायला मी सांगितलं होतं. मी शेजारीच उभा होतो, आणि गप्प राहिलो.