टेकडीवरची आखाजी

धरणगावकडून बस वळली की आमची टेकडी दिसायची. टेकडी कसली, माथ्यावर चार खडक आणि एक वाकडा निंब, एवढाच तिचा थाट. पण पूर्वेच्या पायथ्याला माझं माहेर आणि पश्चिमेच्या पायथ्याला सासर, म्हणून मला ती सातपुड्याहून मोठी वाटे. वर चढलं की दोन्ही घरांची धाबी दिसत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही गावच्या बाया टेकडी चढत आणि खडकांच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देत. जिला उत्तर सुचेना, तिची बाजू हरली. नियम एकच: बोलायचं ते धादांत खोटं. खोट्याचा राग कोणी घरी नेत नसे.

आमचं माहेरचं गाव सलग दोन वर्षं हरलेलं. गावात पहिला टीव्ही आला, त्या वर्षीची ती आखाजी. माझी लग्नानंतरची पहिली. माहेरी पाऊल टाकलं तोच मैत्रिणींनी घेरलं. तोंडाची मी लहानपणापासून तिखट, यंदा जिंकायचं तर माझ्याच जिवावर. वर गेलो तर समोर सगळ्यांत पुढे कोण? माझी सासू!

तिनेच तोंड उघडलं. "मनी सूनना हातना मांडा खापरवर पडाना पहिलेच फाटस व माय!"

बाया खो-खो हसल्या. माझे मांडे कसे रुमालासारखे निघतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती नियमानेच खोटं बोलली होती. पण माझ्या मांड्यांना कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, आजही फिरतं. मी ओरडले, "आन मनी सासू चोरीचोरी गूळ खास, नाव मनं सांगस!"

समोर एकदम चिडीचूप. ती गूळ खाऊन माझं नाव सांगते हे खरं होतं, आणि माझ्या आवाजावरून ते सगळ्यांना कळलं. आमच्या बाया जिंकल्याच म्हणून नाचायला लागल्या.  मला मात्र चार दिवसांनी त्याच घरात परत जायचं होतं.

सासू खडक ओलांडून थेट माझ्यापुढे आली. मी मान खाली घातली. तिने हनुवटी धरून ती वर केली. बघते तर बाई हसत होती.

"तीस वरीस झायात त्या घरमा," ती म्हणाली. "मले काय आवडस, हाई कोनी देखं नही. तू देखं व माय."

मागून आमच्या बाया ओरडत होत्या, "बोल ना व, बोल!" आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. पण इतका आनंद झाला की मला रडूच फुटलं, तोंडून शब्द निघेना. त्या वर्षीही आम्ही हरलो, माझ्यामुळे.