उसनं बोट

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझी नजर आधी स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटाकडे जाते. लोकसभेच्या मतदानाचा दिवस होता. मी चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो आणि पहाटेपासून बंदोबस्तावर उभा होतो.

अकराच्या सुमारास आमचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळं ठाणं एट्टय्या म्हणायचं, मोबाईल घेऊन धावत आले. शाई लावलेल्या एका बोटाचा फोटो होता. खाली आमच्या केंद्राचं नाव आणि मजकूर: ‘इथली शाई साबणानं निघते. मी दोनदा मत दिलं. तुम्हीही द्या.’ तासाभरात फोटो गल्लोगल्ली फिरला होता. शाळेतल्या केंद्रावर दोन पक्षांचे प्रतिनिधी एकमेकांच्या अंगावर गेले आणि रांगेतल्या बायका ‘नको ती कटकट’ म्हणत घरी वळल्या. वरून आदेश आला: बोट कुणाचं ते शोधा आणि दुबार मतदानाचा गुन्हा दाखल करा.

नुसत्या बोटावरून माणूस शोधायचा म्हणजे डोक्याला तापच! मी फोटो मोठा करून पाहिला. पेरावर आडवा, काळपट चर पडलेला होता आणि नखाच्या कडेला हिरवट डाग. माझी आई रोज देवासाठी फुलं गुंफायची. दोऱ्यानं तिच्याही बोटाला असाच चर पडला होता.

"एट्टय्या, हे फुलवालीचं बोट. चला."

मंदिराच्या तळ्याजवळ चौथ्या फुलवालीनं फोटो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "अय्यो, सार, हे माझंच! पण मत एकदाच दिलं. देवाशपथ!" बाई पन्नाशीची, विधवा. समोरच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदार पुरुषांच्या लॉजमध्ये, राहणाऱ्या एका तंबीनं, म्हणजे तरुण पोरानं, सकाळी फोटो काढून नेला होता. "मला काय ठाऊक, सार, तो त्याचं काय करणार!" बोट तिचं, म्हणजे गुन्हाही तिच्यावरच लागणार होता. तो तंबी खरं बोलला तरच ती सुटली असती.

तो खोलीतच सापडला. सत्तावीस वर्षांचा, साताऱ्याकडचा, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. ठाण्यात पहिली दहा मिनिटं त्यानं इंग्रजीतून कानावर हात ठेवले. चौकशीत मी एक पाहिलंय, माणूस परक्या भाषेत सहज खोटं बोलतो, घरच्या भाषेत अडखळतो. आमचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथं स्थायिक झालेलं मराठी. घरातली ती जुनी, तमिळ सुरात चालणारी मराठी काढून मी विचारलं, "बाळा, घरी कोण कोण असतं?" तो चमकला आणि रडायलाच लागला.

"सर, ऑफिसच्या ग्रुपवर दोन महिने राजकारणावर मीच सगळ्यात जास्त भांडलो. आज सकाळपासून एकेकाच्या बोटाचे फोटो यायला लागले. एकानं लिहिलं, तुझं कुठाय? माझं नाव गावच्या यादीत आहे. तिथलं मतदान पुढच्या आठवड्यात, पण रजाच मिळत नाही. मतदानाला आमची सगळी भावकी शाळेत जमते, सर. वडील नवा सदरा घालतात..."

"म्हणून बाईचं बोट उसनं घेतलंस?"

"हो. पण दोनदा मत दिल्याचं मी नाही लिहिलं, आईशप्पथ! ‘मी मत दिलं’ एवढंच टाकलं होतं."

त्याच्या मोबाईलवर मूळ फोटो होता, वेळेसकट आणि त्या एका ओळीसकट. ग्रुपवरून फोटो उचलून खाली नवा मजकूर टाकण्याचा खोडसाळपणा दुसऱ्याच कुणाचा होता. त्याला सायबर शाखेनं तिसऱ्या दिवशी पकडलं. तरुणानं त्याच दुपारी जबाब लिहून दिला, केंद्रावरच्या नोंदीही जुळल्या आणि फुलवाली सुटली. एट्टय्यांनी रिक्षातून खुलासा करत फेरी मारली. घरी गेलेल्या काही बायका परत आल्या, काही आल्याच नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी त्या पोराला चांगलंच झापलं. "दोन महिने मोबाईल बडवलास, आणि खरं बोट दाखवायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याचं!" तो माझ्या हाताकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "सर, तुमच्याही बोटाला शाई नाही."

खरंच नव्हती. सगळ्या नोकरीत मतदानादिवशी मी दुसऱ्यांच्या रांगा सांभाळल्या. माझं मत टपालानं जायचं. बायको एकटी जाऊन यायची आणि मी घरी आलो की बोट नाचवत म्हणायची, "निवृत्त व्हा, मग जोडीनं जाऊ." फार हौस होती तिला. मलाही होती, कधी बोललो नाही इतकंच. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी ती गेली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या निवडणुकीत इस्त्रीचा शर्ट घालून मी एकटाच रांगेत उभा राहिलो. पुढे तीच फुलवाली होती. "काय सार, आज ड्युटी नाही?" म्हणाली. शाई लागली, गार वाटली. बाहेर आलो आणि बोट तसंच वर धरून शाळेच्या फाटकाशी थांबलो. दाखवायला घरी कुणी नव्हतं.

मोबाईलमुळे लोक राजकारणावर भांडतात, भांडोत बापडे. काही जण त्यामुळे रांगेपर्यंत येतात, काही जण घरी वळतात, दोन्ही मी पाहिलं. पण त्या पोराच्या लबाडीमागे काय होतं ते मला फाटकाशी उभं राहिल्यावर कळलं. आपण मत दिलं, हे आपल्या माणसानं बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

दिवाळीला त्याचा फोन न चुकता यायचा, त्यामुळे नंबर होता. मी बोटाचा फोटो काढून त्याला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "सर, बोट तुमचंच ना?"

हसू आलं आणि डोळेही भरून आले. "माझंच रे बाबा," मी लिहिलं, "घरी ये बघायला."