पल्लवीला सांगितलेला पगार

हे मी अजून कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच — तिचा त्या मुलीवर फार जीव होता. तुमच्यापाशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा असेल दुसरं काही कारण. सुरुवात तर करते.

परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांचं मोठं दुकान आहे, तिथे मी मर्चंडायझिंग असिस्टंट. नाव भारदस्त, काम काय? आलेला माल मांडायचा, रंगाशेजारी रंग लावायचा, पुतळ्यांना कपडे चढवायचे आणि दर्शनी काचेमागची सजावट करायची. ती काच माझी होती. म्हणजे तसं कुठे ठरलेलं नव्हतं, पण दुकानात सगळे म्हणायचे ना, 'वैशालीची काच'. लालबागला घरी मला कोण विचारतंय? पण त्या काचेपुढे अनोळखी माणसं थांबायची, फोटो काढायची.

मग कोल्हापूरच्या शाखेतून बदली होऊन पल्लवी आली.

गणपतीच्या सजावटीत तिने पुतळ्याला नऊवारी नेसवली. तुम्ही कधी पुतळ्याला नऊवारी नेसवून पाहिलीय? पाय हलत नाहीत, काष्टा बसत नाही. मी दरवर्षी टाचण्या लावून वेळ मारून न्यायचे. तिने पुतळा सरळ कमरेतून सोडवला, काष्टा नीट घालून घेतला आणि मग वरचं धड बसवलं. एवढं सोपं! साहेबांनी त्या काचेचा फोटो सगळ्या शाखांना पाठवला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "जरा शिकून घे हिच्याकडून."

जळले मी. दुसरा शब्द नाही त्याला. घरी आले तरी जळत होते, भाकरी मोडताना जळत होते.

बरं, ती वाईट तरी असावी? तेही नाही. नायगावला एका खोलीत चार मुलींबरोबर राहायची, मला ताई म्हणायची, स्वतःहून माझे खोके उचलायची. एकदा मीच तिला घरी जेवायला नेलं — का नेलं? माणूस म्हणून नेलं असं सांगायला आवडलं असतं, पण मला आमचं घर तिला दाखवायचं होतं, मुंबईतलं, स्वतःचं. आई तिला बघताच म्हणाली, "किती सुकलंस गो चेडवा, जेवतंस काय नाय?" आणि सुरमईचा मधला तुकडा तिच्या ताटात वाढला. तोवर तो माझ्या ताटात पडायचा. हसू नका. मला तेही लागलं.

आता पगाराचं. आमच्या कंपनीत एकाच कामाचा पगार शहरागणिक वेगळा. मुंबईला जास्त, पुण्याला त्याहून थोडा कमी, कोल्हापूर-सांगलीला आणखी कमी. मात्र बदली होऊन आलेल्याला मुंबईचा दर आपोआप लागत नाही. साहेबांकडे जाऊन मागावा लागतो. मागितला तर मिळतो, नाही मागितला तर गावचाच पगार चालू राहतो. जुन्या सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि नव्याला कुणी सांगत नाही, कारण दुकानात पगाराचा विषय काढणं म्हणजे आगाऊपणा समजतात.

पल्लवीने तो काढला. गोदामामागच्या जिन्यावर आम्ही चहा पीत होतो. "ताई, एक विचारू? राग नका मानू. इथं आपल्या कामाला किती देतात ओ?"

तिला कोल्हापूरचे तेरा हजार मिळत होते. मला एकोणीस.

"चौदा," मी म्हटलं. "मुंबईचं नुसतं नाव मोठं गं."

तेराच का नाही म्हटलं? तिला खरं वाटावं म्हणून. बघा, तेवढ्या क्षणात माझं डोकं कसं चाललं. वर हेही सांगितलं की साहेबांकडे जाऊ नकोस, नवी माणसं पगाराचं बोललेली त्यांना खपत नाही. तिच्याकडे हातचं कसब होतं, काच होती, आता माझी आईसुद्धा होती. निदान पगारात तरी ती माझ्या खाली राहावी, असं मला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं.

ती गेली नाही साहेबांकडे.

मला भाडं नव्हतं, घरचा डबा होता. ती त्या तेरातून खोलीचे पैसे भरायची, गावी पाठवायची आणि दुपारी चहाबरोबर खारी खायची. आईच्या ते लक्षात आलं, तिने तिच्यासाठीही डबा द्यायला सुरुवात केली. तो डबा रोज मीच न्यायचे. रोज तिच्या हातात द्यायचे. रोज सांगता आलं असतं — एक वाक्य, बस. सांगितलं का? नाही. उलट ती डबा घासून परत द्यायची तेव्हा मला वाटायचं, हिला कुणी तरी सांगून टाकेल की काय.

पुढच्या गणपतीआधी तिने कोल्हापूरला परत बदली मागून घेतली. मुंबई परवडत नाही म्हणाली. निघताना माझ्या पाया पडली. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून बरं झालं ताई, नाहीतर साहेबांपुढं हसं झालं असतं."

काच मला परत मिळाली. मग बढतीही मिळाली. मी पेढे वाटले.

यंदा तिचा फोन आला. तिच्या हाताखालच्या एका मुलीची मुंबईला बदली होतेय, तिकडे या कामाला किती देतात, म्हणून विचारत होती. या वेळी मी खरा आकडा सांगितला. तिने तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मग हळूच म्हणाली, "माझ्या वेळी पण एवढाच होता का ओ?"

तुम्हाला एकाच खोट्याबद्दल सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण मी तिला म्हटलं, "छे गं, हल्लीच वाढलाय."

"हां, तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि आईची तब्येत विचारू लागली.